भाड्याच्या घराची भिंत

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "काका, तुम्हाला विटांचं बांधकाम येतं ना? मला थोडं शिकवा."

मी जरा सावरून बसलो. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला. बांधकाम शिकवा असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

त्याचं झालं असं होतं की त्याने गुंतवणूक म्हणून तिकडे एक 'मोबाइल होम' घेतलं आणि भाड्याने दिलं. आपल्याकडे हा प्रकार नाही, म्हणून थोडं सांगतो. हे घर कारखान्यात तयार होतं. खाली लोखंडी सांगाडा, त्याला चाकं. ट्रकला जोडून आणायचं, जागेवर उभं करायचं, आणि मग बहुतेक घरं जन्मभर तिथून हलत नाहीत. १९७६ साली तिथल्या केंद्र सरकारने या घरांच्या बांधणीचे नियम केले. तेव्हापासून सरकारी भाषेत त्यांचं नाव बदललं, पण लोक अजून जुनंच नाव वापरतात. तर, घर जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असतं. ती पोकळी दिसायला बरी दिसत नाही, थंडी आत शिरते, उंदीर-घुशी घर करतात. म्हणून काही लोक घराभोवती विटांचा पडदा बांधतात. पुतण्याच्या घराचा तो पडदा दोन ठिकाणी फुटला होता. तिथल्या गवंड्याने सांगितलेला आकडा ऐकून त्याला घाम फुटला आणि काकांची आठवण झाली.

मी म्हटलं, "कर की! त्यात काय एवढं?" आणि अर्धा तास त्याला माल कसा कालवायचा ते सांगत बसलो.

फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "शेगावची भिंत सांगितली का त्याला?"

नव्हती सांगितली. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत. घाटावरचा आणि घाटाखालचा. नकाशात तेरा तालुके दिसतात, पण बोलताना माणूस 'वरचा' की 'खालचा' एवढंच विचारतात. मी वरचा. बुलढाणा गाव अजिंठ्याच्या डोंगररांगेवर आहे, इथे उन्हाळ्यातही रात्री जरा बरं वाटतं. बोथ्याच्या घाटाने ज्ञानगंगा अभयारण्यातून खामगावला उतरलं की हवा बदलते आणि मातीही बदलते. खाली पूर्णेचं खोरं. खोल काळी कपाशीची जमीन, आणि अमरावती-अकोल्यापासून आमच्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदपर्यंत पसरलेला खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असा हा भाग.

शेगावला २०१४ साली मी पीएफमधून पैसे काढून तीन खोल्यांची एक चाळ घेतली. गजानन महाराजांचं गाव, बाराही महिने माणसांचा राबता, १९८३ पासून इंजिनीअरिंग कॉलेज आहे, त्यामुळे खोली रिकामी राहणार नाही असा हिशोब. तो हिशोब चुकला नाही. चुकला तो दुसराच. मी खोल्या पाहिल्या, रंग पाहिला, टिनं पाहिली. जमीन पाहिली नाही, पाणी पाहिलं नाही. भूगोलाचा मास्तर असून!

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ते आपण सगळेच पाहतो. मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीचा हा गुण. मी तो फळ्यावर कितीदा लिहून दिला असेल! पण ज्या जमिनीला दरवर्षी एवढी भेग पडते तिच्यावर उथळ पायाचं घर बांधलं तर ते घरही दरवर्षी थोडं वर-खाली होणार, हे काही कधी डोक्यात आलं नाही. अशा घराला भेग पडते ती बहुतेक खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून, तिरपी, विटांच्या सांध्यासांध्याने पायऱ्या उतरल्यासारखी. आणि खारं पाणी? ते जमिनीतून विटांच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं. पाणी उन्हाने उडून जातं, मीठ मागे राहतं. त्या मिठाचे खडे विटेच्या कातडीखाली वाढतात आणि कातडी सोलून काढतात. भिंतीला लोणा लागला म्हणतो तो हाच. हात फिरवला की वीट पिठासारखी झडते. जोत्यावर ओल अडवणारा थर घातलेला असला तर हे बरंचसं टळतं. माझ्या चाळीला तो नव्हता.

२०२२ च्या मे महिन्यात तिसऱ्या खोलीच्या मागच्या भिंतीचं हे दोन्ही होऊन बसलं. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग, खाली चार-पाच थर लोण्याने खाल्लेले. त्या खोलीत एक जोडपं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी राहत होती. नवरा मंदिराच्या रस्त्यावर फुलं-नारळाची गाडी लावायचा. मिस्तरीला दाखवलं. तो म्हणाला, खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत चार फूट भिंत उतरवून नवी घ्यावी लागेल, मजुरीचे साडेचार हजार, सामान वेगळं. त्या खोलीचं भाडं महिन्याला अडीच हजार. म्हणजे दोन महिन्यांचं भाडं नुसत्या मजुरीत.

शाळेला सुट्ट्या होत्या. मोबाइलवर भिंती बांधायचे व्हिडिओ पाहिले होते. एका व्हिडिओत तर एक परदेशी बाई हसत-हसत अख्खी बाग बांधून काढते. मी म्हटलं, आपण करू.

सौ. म्हणाली, "तुम्हाला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही." बायकोच्या अशा वाक्यांनी नवऱ्यांची जिद्द वाढते हा अनुभव सगळ्यांचा असावा.

तर चार दिवस शेगावला मुक्काम करून मी ती भिंत उतरवली आणि बांधली. टिनाचे पाइप दोन्ही बाजूंच्या आडभिंतींवर टेकलेले होते, मागच्या भिंतीवर छपराचा भार नव्हता. म्हणून मला एक फार हुशारीची कल्पना सुचली. नऊ इंची भिंतीच्या जागी चार इंची घेतली तर? विटा निम्म्या, माल निम्मा, वर खोलीत थोडी जागाही वाढेल! तशीच घेतली. जुन्या भिंतीला टेकवून सरळ वर नेली. सकाळी एकदम एक पोतं सिमेंट कालवून ठेवलं. दुपारी माल कडक झाला तेव्हा त्यात परत पाणी घातलं. विटा ट्रॅक्टरमधून उतरवल्या तशा कोरड्या लावल्या. पाणी बोअरचं. दोन दिवस भिंतीवर पाणी मारलं आणि भाडेकरू वहिनींना "रोज दोनदा पाणी मारत जा" असं सांगून मी घाट चढून घरी आलो. फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. पुतण्याला तेव्हाच कळलं होतं, काकांना बांधकाम येतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी वादळ आलं. आमच्याकडे पाऊस यायच्या आधी वारा येतो, टिनावरचे दगडसुद्धा खाली पाडणारा. त्या वाऱ्याने माझी भिंत खोलीच्या आत पाडली.

रात्री फोन आला. मी पहिलं विचारलं ते "कोणाला लागलं का?" आणि उत्तर येईपर्यंतचे जे दोन-तीन सेकंद होते ते मला अजून आठवतात. कोणाला लागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेलो. विटांचा ढीग पडला होता बरोबर त्या जागी, जिथे मी भिंत बांधताना त्या पोरीची खाट मला आड येत होती म्हणून दोनदा सरकवली होती.

"खाट कुठे होती?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "परवाच तिकडं सरकवली होती सर. भीत हात लावला का हालत होती."

"मग मला फोन का नाही केला?"

त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या उनात मेहनत केली. तुमाले कसं म्हनाव का भीत बराबर नाही म्हनून?"

मंडळी, ही भिंत पडली त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं. म्हणजे भिंत हलते हे त्यांना माहीत होतं. माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. पण घर माझं, त्या भाडेकरू. मिस्तरीने वाईट काम केलं असतं तर त्या मला बिनदिक्कत सांगणार होत्या. मालकाने स्वतः केलेलं काम वाईट आहे हे मालकाला सांगायचं कसं? खोली खाली करा म्हणाला तर? त्यांनी मला सांगण्याऐवजी आपल्या पोरीची खाट सरकवली. आणि मी साडेचार हजार वाचवल्याच्या आनंदात बुलढाण्याला चहा पीत होतो.

पाणी मारायचंही विचारलं. दोन दिवस मारलं, मग बंद केलं म्हणाल्या. मे महिन्यात घरात वापरायला पाणी नव्हतं, त्या डोक्यावरून हंडे आणत होत्या. ते पाणी भिंतीला पाजायचं की पोरीला? हा प्रश्न मी त्यांच्यावर टाकून आलो होतो, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग त्याच मिस्तरीकडे गेलो. तो काही बोलला नाही, नुसता येऊन पडलेल्या विटा पाहत राहिला. एक वीट उचलून दाखवली. तिच्यावर मालाचा मागमूस नव्हता, पुसल्यासारखी कोरी. म्हणाला, "सर, विटेले तान लागेल असते. तिले आंधी पानी पाजा लागते. नाही त ते मालातलं पानी पेते, अन् माल नुसती राख होते."

आठ शब्दांत सांगता येईल असं शास्त्र आहे हे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. पाणीच विटेने शोषलं तर सिमेंट उपाशी राहतं. म्हणून विटा आधी पाण्यात बुडवायच्या, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. म्हणूनच कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आसपास संपवायचा असतो. एकदा तो आवळायला लागला की वरून पाणी घालून तो मऊ होतो खरा, पण त्याचा जीव गेलेला असतो. आणि म्हणूनच बांधकामाला निदान सात दिवस पाणी मारायचं.

या वेळी मी त्याला म्हटलं, पैसे तुझे पूर्ण घे, पण मला हाताखाली घे. तो हसला. पण घेतलं. पाच दिवस मी त्याच्या हाताखाली घमेली उचलली, वाळू चाळली, विटा भिजवल्या. त्या पाच दिवसांत मी जे शिकलो ते कोणत्याही व्हिडिओत नव्हतं. म्हणजे व्हिडिओत असेलही, पण मला दिसलं नव्हतं.

दोन विटा एकमेकींवर आपटायच्या, खणखणीत आवाज आला तर चांगली भाजलेली, बद्द आवाज आला तर बाजूला. नखाने ओरखडा उमटला तर बाजूला. उभा सांधा उभ्या सांध्यावर कधी येऊ द्यायचा नाही, खालच्या सांध्याच्या डोक्यावर वरच्या विटेचं पोट आलं पाहिजे. जुन्या भिंतीला नवी नुसती टेकवायची नाही. जुनीतली एकाआड एक थरातली वीट काढून नवी तिच्यात घुसवायची, बोटांत बोटं गुंतवल्यासारखी. माझ्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी फट होती, ती वाऱ्याला दारासारखी उघडली. चार इंची भिंत घ्यायचीच तर माल जास्त कडक हवा, एकास चार, आणि दर तीन-चार फुटांवर बारीक गजांचा पट्टा हवा. आणि हे सगळं करूनही बाहेरच्या उघड्या बाजूला ती घ्यायची नाही. नऊ इंचीला एकास सहा चालतं. एका दिवसात पाच फुटांपेक्षा उंच जायचं नाही, खालचा ओला माल वरच्या वजनाने दबतो. दर दोन-तीन थरांनी ओळंबा सोडायचा. आपला डोळा आपल्याला फसवतो, ओळंबा कोणाची भीड धरत नाही.

पाणी मिस्तरीने टँकरचं गोडं मागवलं. खाऱ्या पाण्याने बांधलेली भिंत आज उभी राहील, पण आपल्या हाताने तिच्यात मीठ घातलं म्हणजे पाच वर्षांनी लोणा ठरलेलाच. भेगेवर त्याने एक गमतीचं काम केलं. दुसऱ्या खोलीतल्या एका बारीक भेगेवर गिलाव्याची एक पट्टी आडवी लावली आणि तिच्यावर तारीख लिहिली. "ही पट्टी तडकली त समजा, जमीन हालते. मंग वरून कितीबी थापा, काई फायदा नाही." पुढच्या उन्हाळ्यात ती तडकली. तेव्हा भिंतीला हात न लावता आधी चाळीच्या मागे उताराची फरशी आणि नाली करून घेतली, छपराचं पाणी पायात मुरणार नाही अशी. त्यानंतरची पट्टी अजून शाबूत आहे.

खर्च किती आला? मी वाचवायला निघालो होतो त्याच्या तिप्पट. असो.

आता यातून माझं मत काय झालं ते सांगतो. 'आपलं काम नाही ते करू नये' असं मी मुळीच म्हणणार नाही. आपल्या लोकांना हाताने काम करायची लाज वाटते हा आपला जुना रोग आहे आणि तो बरा झाला पाहिजे. माझ्या आजोबांचं मेहकरकडे धाब्याचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडाचं आणि मातीचं छप्पर. दर उन्हाळ्यात घरची सगळी माणसं मिळून धाब्यावर खारी माती टाकायची, चोपायची. पांढऱ्या मातीने भिंती पोतारायच्या त्या आजी आणि काकू. तेव्हा कोणी त्याला 'डू इट युवरसेल्फ' म्हणत नव्हतं. घर आपलं आहे तर त्याची डागडुजी आपणच करणार, एवढा साधा मामला होता. मातीचा एक मोठा गुण असा की ती चूक माफ करते. वाकडं झालं तर भिजवा, पुन्हा थापा, एक पैशाचं नुकसान नाही. सिमेंट माफ करत नाही. आपण मातीतून सिमेंटमध्ये आलो, पण हाताने करायची हौस मातीच्या काळातलीच राहिली, असं काहीसं झालं आहे.

मोठ्या माणसांनाही ही हौस होतीच. विन्स्टन चर्चिल आपल्या चार्टवेलच्या घरी स्वतः विटांच्या भिंती बांधत असे. दिवसाला दोनशे विटा आणि दोन हजार शब्द, असं त्याने एका पत्रात कळवलं होतं. १९२८ साली, अर्थमंत्री असताना, त्याने गवंड्यांच्या कामगार संघटनेचं सभासदत्वही घेतलं. त्यावर संघटनेत गदारोळ झाला आणि कार्यकारिणीने ते सभासदत्व अवैध ठरवलं. आपल्या देशाशी तो माणूस कसा वागला हे आपण विसरणार नाही, पण त्या गवंड्यांचा राग मला शेगावच्या भिंतीनंतर नीट समजला. तुमची ती हौस आहे, आमचं ते पोट आहे, असं त्यांना वाटलं असणार. शिवाय चर्चिलची भिंत पडली असती तर त्याच्याच बागेत पडली असती.

मुद्दा तिथेच आहे. भिंत पडली तर ती कोणावर पडेल? माझ्या मते दुरुस्ती स्वतः करावी की नाही याचा निकाल या एका प्रश्नावर लागावा. आपल्या अंगणातल्या फुलझाडांचा वाफा, पायरी, मोरीचा कट्टा, सुटलेल्या सांध्यांत माल भरणं, निखळलेली एखादी वीट बसवणं, हे जरूर आपल्या हाताने करावं. चुकलं तर आपल्याच पायाला लागेल, आणि शिकायला मिळेल. डोक्याच्या उंचीची भिंत, छपराचा भार घेणारी भिंत, खालून खचणारी भिंत, तिथे जाणकार बोलवावा. आणि भाड्याच्या घरात तर माझा नियम आणखी कडक आहे. ज्या भिंतीच्या कडेला आपलं स्वतःचं मूल झोपवणार नाही, ती भिंत दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी बांधू नये.

लोक म्हणतील, मास्तर, अडीच हजारांच्या भाड्यात एवढी तत्त्वं परवडत नाहीत. मलाही तसं वाटायचं. गुंतवणूक म्हणून घर घेणाऱ्याच्या वहीत भाडं एका बाजूला आणि दुरुस्ती दुसऱ्या बाजूला असते, आणि दुरुस्ती जितकी कमी तितकी गुंतवणूक चांगली. पण त्या वहीत एक रकाना नसतो. आपण वाचवलेला पैसा कुठे जातो? माझे साडेचार हजार वाचले म्हणजे साडेचार हजारांचा धोका त्या पोरीच्या खाटेकडे सरकला. वाचलं काहीच नव्हतं, फक्त माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं होतं. आपल्या राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम १४ आहे. वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं ही मालकाची जबाबदारी. मालकाने टाळलं तर भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, आणि मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. कायदा चांगला आहे. पण ज्या बाईला "भीत हालते" एवढं म्हणायला जड जातं, ती नोटीस कशी पाठवणार? म्हणून कायद्याच्याही आधी मालकाने विचारायला शिकलं पाहिजे. आता मी भाडं घ्यायला गेलो की प्रत्येक खोलीत विचारतो, "काय हलतंय, काय गळतंय, काय झडतंय?" सुरुवातीला सगळे "काई नाही सर, सगळं बराबर हाय" म्हणायचे. दुसऱ्या वर्षापासून बोलायला लागले. फुलवाल्या वहिनी तर आता यादीच तयार ठेवतात.

आणि मिस्तरीच्या मजुरीबद्दल एक. आपण घासाघीस करतो ती त्याच्या तीन दिवसांवर. त्या तीन दिवसांच्या मागची वीस वर्षं आपण फुकट धरतो. ओळंबा मीही विकत आणला होता, तो पिशवीतून बाहेर कधी काढायचा हे मात्र मला माहीत नव्हतं.

शेवटी एक गोष्ट, जी मला त्या जूननंतर वारंवार आठवते. चोखोबांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातला, देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजाचा, अशी परंपरा आहे. त्यांचा शेवट आपल्याला माहीत आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम चाललं होतं, चोखोबा इतर मजुरांबरोबर त्यावर राबत होते, ती भिंत कोसळली आणि सगळे खाली गाडले गेले. साल १३३८. नामदेवांनी ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या गावाच्या आत त्यांना सुखाने राहू दिलं नाही, त्या गावाच्या रक्षणाची भिंत त्यांच्या अंगावर पडली. भूगोलाप्रमाणे हा इतिहासही मी वर्गात सांगत आलो. पण ती भिंत का पडली, कोणी घाईने बांधून घेतली, कोणी कशात काटकसर केली, हे आपल्याला कोणत्याच ग्रंथात सापडत नाही. भिंतीखाली कोण होतं एवढंच राहिलं. आपला देव विटेवर उभा आहे आणि त्याचा एक लाडका भक्त भिंतीखाली गेला. वारीला जाणाऱ्या प्रत्येक घरमालकाने (आणि आमच्याकडे कोण वारीला जात नाही?) समाधीपाशी हात जोडताना एवढं तरी मनात आणावं असं मला वाटतं.

सौ.ने आठवण केली म्हणून त्याच रात्री पुतण्याला परत फोन केला. शेगावची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, खाटेसकट. तो गप्प झाला. मग मी म्हटलं, तुझं काम तू कर, त्याला माझी ना नाही. तुझ्या विटांवर घराचा भार नाही, तो आतल्या खांबांवर आहे, आणि तुझी भिंत अडीच फुटांची आहे. विटा भिजव. माल थोडा-थोडा कालव. हवा खेळायला झरोके ठेव, नाहीतर खाली ओल कोंडेल आणि वरची जमीन कुजेल. जुन्या विटांत नव्या गुंतव.

"आणि अजून एक," मी म्हटलं. "आत जे राहतात त्यांना विचारलंस का, घरात अजून काय बिघडलंय?"

"नाही विचारलं," तो म्हणाला. "त्यांनी काही तक्रारच केली नाही कधी."

"तेच तर," मी म्हटलं. "आधी जाऊन विचार. विटा नंतर आण."